बापासाठी लेकाचा बोन मॅरो: आमच्या डॉक्टर मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला नुसतं हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. नागपुरात, विदर्भात आज ज्या घरात "लिम्फोमा उलटलाय, ट्रान्सप्लांट करावा लागेल" हे ऐकायला मिळालं असेल, त्या घरानेही ते वाचावं असं वाटतं. ह्यांच्यावर तुम्ही उपचार केलेत, त्याचे आभार आहेतच. पण पेशी कोणाच्या घ्यायच्या आणि शरीरातल्या कुठल्या जागेतून घ्यायच्या, हे ठरवताना तुम्ही आम्हाला बाजूला ठेवलं नाहीत, त्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

ह्यांना हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. पहिल्या केमोनंतर आजार परतला तेव्हा ह्यांच्याच पेशींचा ट्रान्सप्लांट झाला. त्यात निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. जी-सीएसएफची इंजेक्शनं देऊन रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी हाडातून रक्तात उतरवायच्या, अफेरेसिसच्या, म्हणजे रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर गोळा करायच्या, गोठवून ठेवायच्या, मोठी केमो झाली की परत द्यायच्या. पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा लसणासारखा वास त्या दिवशी खोलीत भरून राहिला होता. आजार पुन्हा उलटला आणि सगळं बदललं. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने पेट स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा तुम्ही म्हणालात की आता दुसऱ्या कोणाच्या पेशी हव्यात. नवी प्रतिकारशक्ती उरलासुरला लिम्फोमा शोधून मारू शकते.

सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ह्यांना एकच बहीण, ती अर्धी जुळली. आमचा मुलगाही अर्धा जुळला, आणि तो जुळणारच होता, कारण मुलाला अर्धा एचएलए बापाकडूनच मिळतो. नणंदबाई तर बॅग भरूनच आल्या होत्या. बाळंतपणं झालेल्या बाईच्या पेशी पुरुष पेशंटला दिल्या तर जीव्हीएचडीचा, म्हणजे नव्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर उलटण्याचा धोका वाढतो, आणि तरुण डोनर मिळत असेल तर तो बरा, हे तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवून, हात हातात घेऊन सांगितलंत. "तुम्ही कमी पडला नाहीत, तुमचा भाचा वयाने लहान आहे एवढंच," हे तुमचं वाक्य त्या आजही सांगतात. चुलत दिरांनी नातवाची नाळ एका बँकेत ठेवली आहे, ती चालेल का, हेही आम्ही विचारलं. एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाच्या वजनाला सहसा पुरत नाहीत, हे तुम्ही न कंटाळता समजावलंत.

मग खरा प्रश्न आला. मुलाच्या पेशी रक्तातून घ्यायच्या की हाडातून, म्हणजे बोन मॅरोमधून?

आमच्या घरात उत्तर तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, "पोट्ट्याच्या पाठीत सुई नको बाप्पा, उद्या उभा नाही राहिला तर?" खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. नवरा एका पलंगावर आणि एकुलता एक मुलगा ऑपरेशन थिएटरमध्ये, हे कुठल्या बाईला सोसेल? रक्तातून घेतल्या तर भूल नाही, टाके नाहीत, पेशीही भरपूर मिळतात आणि लवकर रुजतात. मग कशाला हाड?

तेव्हा तुम्ही सासूबाईंना जवळ बोलावलंत, त्यांचाच हात धरून नातवाच्या कमरेच्या मागे, पट्ट्याच्या रेषेखालचं हाड चाचपायला लावलंत. "आजी, सुई इथे जाईल. कणा तो तिकडे मधे. त्याला आम्ही हातही लावत नाही." त्यांनी दोनदा दाबून पाहिलं आणि मान हलवली. आमच्या घरचा निर्णय माझ्या मते तिथेच फिरला.

पुढचं तुम्ही मला सांगितलंत. रक्तातून घेतलेल्या पेशींबरोबर डोनरच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी, कितीतरी जास्त येतात. त्यामुळे जुनाट जीव्हीएचडी जास्त होतो: डोळे कोरडे, तोंडात व्रण, कातडी ताठ, वर्षानुवर्षं गोळ्या. ह्यांना आधी निव्होलुमॅब दिलेलं, त्याने जीव्हीएचडीचा धोका आणखी वाढू शकतो. मी विचारलं, मग त्याच टी पेशी लिम्फोमालाही मारतात ना? त्या कमी दिल्या तर आजार परत नाही येणार? या प्रश्नाला तुम्ही घाईत उडवून लावलं नाहीत. अमेरिकेतल्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. अर्ध्या जुळणीच्या ट्रान्सप्लांटमध्ये हाडातून पेशी घेतल्यावर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, जास्त वेळा उलटला होता, लिम्फोमात मात्र तसा फरक दिसला नव्हता, आणि जीव्हीएचडी हाडाच्या बाजूने कमी होता. ल्युकेमियाचा पेशंट असता तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं, हेही तुम्ही म्हणालात. या एका वाक्याने माझा तुमच्यावर विश्वास बसला. शेजारच्या खोलीतल्या पेशंटला रक्तातून दिलं म्हणून आम्हालाही तसंच द्या, असा हट्ट मी त्यानंतर धरला नाही.

या निवडीची किंमतही तुम्ही लपवली नाहीत. हाडातल्या पेशी उशिरा रुजतात, पांढऱ्या पेशी वर यायला काही दिवस जास्त लागतील, त्या काळात इन्फेक्शनची भीती जास्त, आणि पेशी रुजल्याच नाहीत असं होण्याची शक्यताही थोडी जास्त. म्हणून आधी ह्यांच्या रक्तात मुलाविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का ते तपासलंत. मुलाची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची तपासणीही लावलीत. आपल्या भागात ती चुकवून चालतच नाही, आणि ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याला जी-सीएसएफ दिलं तर जिवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

ऑपरेशन थिएटरमधून मुलगा बाहेर आला तो पालथा, कमरेला घट्ट पट्टी. दुखत होतं त्याला, चार-आठ दिवस वाकताना कळ यायची. तासाभराने गडद लाल पिशवी ह्यांच्या खोलीत गेली. काचेतून पाहिलं तर साध्या रक्ताच्या पिशवीहून फारशी वेगळी दिसत नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीचं सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे जीव्हीएचडी आवरणारं औषध, त्याआधीचा तो चढता ताप, सगळं तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. ताप आला तेव्हा मी रडले नाही, कारण तो येईल हे मला ठाऊक होतं. रक्तपेशींचे काऊंट शून्यावर अडकून पडले तेव्हा मात्र धीर सुटत होता. मूळचे काटोलचे आम्ही, संत्र्याची बाग आहे. हे पलंगावरून मलाच समजावत, "जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला की रोज उकलून पाहतात का? फुटेल तो." त्या दिवसांत मुलाच्या मित्रांनी रांगेत उभं राहून प्लेटलेट दिल्या, भर मे महिन्याच्या उन्हात आले पोरं. त्यांचेही आभार इथेच मानते. रात्रपाळीच्या सिस्टर पहाटेचा रिपोर्ट हातात घेऊन दारातूनच बोटं दाखवायच्या, आज इतके. तिसऱ्या आठवड्यात ती बोटं वाढू लागली.

आज हे घरी आहेत. ट्रान्सप्लांटनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ आहे. कातडीवर थोडं पुरळ येऊन गेलं, डोळे-तोंड ठीक आहेत. पुढे काय होईल याची हमी तुम्ही कधीच दिली नाहीत, आणि मीही मागत नाही.

एक विनंती आहे. तुमच्याकडे एखादं कुटुंब मुलाच्या किंवा भावाच्या पाठीच्या भीतीने अडून बसलं असेल, तर आमच्या मुलाचा नंबर त्यांना द्या. किती दुखतं, किती दिवस दुखतं, पुन्हा क्रिकेट कधी खेळला, सगळं तो स्वतः सांगेल. त्याला विचारूनच लिहिते आहे. आणि कोणाची आजी ऐकत नसेल, तर सासूबाई फोनवर बोलायला तयार आहेत.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची बायको आणि त्याच्या डोनरची आई
मानेवाडा, नागपूर