पेटी उघडा, बाबा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "नाना गेला, आपली बैठक संपली." मला तेव्हा काहीच बोलता आलं नाही. आईचं गाणं, बाबांची पेटी आणि नानाकाकांचा तबला, अशी ती तिघांची बैठक. आठवडाभर ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

इथे अमेरिकेत ब्लूमिंग्टनला आमच्या विद्यापीठात मेनाहेम प्रेसलर नावाचे पियानोवादक १९५५ पासून शिकवायचे. २०२३ च्या मे महिन्यात ते वारले, नव्व्याण्णवाव्या वर्षी. मी त्यानंतर इथे आले, त्यामुळे त्यांना समोर बसून ऐकणं नशिबात नव्हतं. पण संगीत विभागाच्या ग्रंथालयात त्यांच्या 'बोझार ट्रिओ' या तिघा वादकांच्या त्रयीच्या रेकॉर्ड आहेत. कामावरून सुटले की मी तिथे तासभर बसते. पियानो, व्हायोलिन आणि चेलो. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, खर्जातलं. आई, तुला त्याचा आवाज फार आवडेल.

प्रेसलर मूळचे जर्मनीतल्या माग्डेबुर्गचे, ज्यू. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं, त्यावर नाझींच्या काळात हल्ला झाला. १९३९ मध्ये आईवडील आणि भावंडांसह ते कसेबसे पॅलेस्टाईनला पोचले. मागे राहिलेले आजीआजोबा आणि कितीतरी नातेवाईक मारले गेले. पुढे अमेरिकेत त्यांना दोन जोडीदार मिळाले. व्हायोलिनवर डॅनियल गिले, पन्नाशी ओलांडलेले, नामांकित संचालक तोस्कानिनींच्या वाद्यवृंदात पुढच्या खुर्चीवर बसणारे. चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाऊस, साक्षात पाब्लो कासाल्स या थोर चेलोवादकाकडे शिकलेले. १३ जुलै १९५५ ला अमेरिकेतल्या टँगलवुडच्या संगीत महोत्सवात तिघं पहिल्यांदा जाहीर वाजवायला बसले. प्रेसलर तेव्हा एकतीस वर्षांचे होते, तिघांत सगळ्यांत लहान.

बाबा, या त्रयीतली खरी अडचण तुम्हाला लगेच कळेल. आई कोमल रिषभ लावते तो तुमच्या पेटीतल्या पट्टीपेक्षा किंचित खाली असतो. तिथे तुम्ही भाता हलका करता, कधी बोट उचलूनच घेता आणि आईला मोकळं सोडता. यांचंही तेच. पियानोचे सूर आधीच जुळवून ठेवलेले, जागचे हलत नाहीत. व्हायोलिन आणि चेलो बोटाने सूर शोधणार. शिवाय पियानोचा सूर आघात झाल्याबरोबर विरायला लागतो, गजाचा सूर हवा तेवढा वाढवता येतो. वरून पियानो दांडगा, मनात आणलं तर दोघांना गिळून टाकेल. प्रेसलरांचा हात असा की सूर विरता विरता गातो, आणि तो संपून व्हायोलिन कधी सुरू झालं हे कान देऊनही सापडत नाही. मी एक जागा सहा वेळा ऐकली.

अठराव्या शतकातले संगीतकार हायडन यांच्या त्रयींत, म्हणजे या तीन वाद्यांसाठीच्या रचनांत तर चेलो बराच वेळ पियानोच्या डाव्या हाताच्या सावलीतून चालतो. या रचना त्या काळी 'व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह पियानोचे सोनाटा' म्हणूनच छापल्या जात. यांनी १९७० च्या दशकात त्या सगळ्या, ४३ च्या ४३, ध्वनिमुद्रित केल्या. ग्रीनहाऊस तिथे साथीलाच आहेत, पण चेलो गप्प झाला की घराची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. नानाकाकांचा नुसता ठेका आठवला. तुकडे-बिकडे न वाजवता ते आईला कसं धरून ठेवायचे!

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. १९६८ मध्ये गिले निवृत्त झाले. त्यांच्या जागी इसिडोर कोहेन आले, आणि हायडन वाजवला तो यांच्याबरोबर. १९८७ मध्ये ग्रीनहाऊस थांबले, पीटर वायली आले. मग कोहेननीही जागा सोडली. आयडा कवाफियान, यंग उक किम, ब्राझीलचे अँतोनिओ मेनेसिस, शेवटी डॅनियल होप, प्रेसलरांपेक्षा पन्नास वर्षांनी लहान. प्रत्येक वेळी तेच बेथोव्हन, तेच शुबर्ट पुन्हा पहिल्यापासून बसवायचं. पियानोवर मात्र त्रेपन्न वर्षं एकच माणूस. सप्टेंबर २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला शेवटची मैफल झाली, प्रेसलर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यानंतरही ते नव्या मंडळींबरोबर वाजवत राहिले. बर्लिन फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाबरोबर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा नव्वदी गाठली होती.

तुम्ही तर अजून त्र्याहत्तरचे आहात, बाबा.

समोरच्या वाड्यातला मुलगा तबला घेऊन येऊ का विचारत होता, असं आई म्हणाली. तुम्ही त्याला "नानाची सर यायची नाही" म्हणालात. ती येणार नाहीच. नानाकाकांची जागा मलाही कुणाला द्यावीशी वाटत नाही. पण त्याला निदान एक गुरुवार बोलवा. तो लय ओढेल, मधेच घाई करेल, तुम्ही चिडाल. तरी बोलवा. आई, तू भूप घे, त्याला सोपा जाईल.

पेटी वर्षभर बंद आहे, भात्याला उंदीर लागले नाहीत ना ते आधी बघा. काही सूर बसले असतील तर मिरजेला दुरुस्तीला पाठवा, पैसे मी पाठवते. डिसेंबरात तीन आठवडे येते आहे. येताना हायडन घेऊन येईन, तिघं मिळून ऐकू.

तुमची,
मनू