ताबापत्रावर तक्रारीची शेवटची तारीखही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी योजनेतल्या घराचा ताबा मिळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. रहिवासी अर्ज देतात, ‘कंत्राटदाराला कळवलं आहे’ असं उत्तर मिळतं आणि अशाच हेलपाट्यांत दोन वर्षं निघून जातात. अर्ज दिला म्हणजे मुदत थांबली, हा समज फार महागात पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत ग्राहक आयोगात जावं लागतं. नुसती स्मरणपत्रं पाठवून ही मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर सबळ कारण द्यावं लागतं आणि तो माफ करायचा की नाही हे आयोग ठरवतो. म्हाडा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) या सरकारी संस्था, त्यांच्यावर ग्राहक म्हणून दावा कसा चालेल, असं काहींना वाटतं. गृहनिर्माण करणारी सरकारी प्राधिकरणंही या कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याचं गणित वेगळं. बांधकामातला दोष ताब्यापासून ५ वर्षांच्या आत विकासकाला कळवला, तर त्याने ३० दिवसांत तो विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते (कलम १४(३)). इथे कळवल्याचा पुरावा महत्त्वाचा. साइटवरच्या सुपरवायझरच्या कानावर घातलं, हा पुरावा नव्हे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्याच.

‘भिंतीला तडे गेले’ एवढंच लिहू नका. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया कच्चा राहिला असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. गिलाव्यावरची केसासारखी भेग वेगळी, हा तडा वेगळा. पण तपासणीला आलेला माणूस दोन्ही एकाच रांगेत बसवतो. म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा, पट्टी धरून फोटो काढा. पावसाळ्यानंतर तडा रेघेपलीकडे सरकला असेल तर पुन्हा फोटो काढून पुरवणी अर्ज द्या.

भोगवटा प्रमाणपत्रच, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखलाच, मिळालं नसेल तर गोष्ट निराळी. ते न देणं ही चालू राहणारी चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं आहे. तिथे २ वर्षं उलटली म्हणून हातपाय गाळू नयेत.

ताबापत्रावर देखभाल खर्चाची तारीख न चुकता असते. त्याच कागदावर दोष कळवण्याची शेवटची तारीख आणि तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम छापावं. शिवाय अर्जाची पोच ‘साहेब आल्यावर’ नव्हे, त्याच दिवशी खिडकीवर मिळावी.

– एक गाळेधारक, नागपूर