काकांचे खाकी सदरे

बर्मिंगहॅम, अलाबामा

ती. मावशीस,
शि. सा. न.

इथल्या गोधड्यांचे फोटो मागितलेस, ते फोनवर पाठवलेत. पण हाताला काय लागतं ते फोटोत कुठलं दिसायला, म्हणून हे पत्र.

शनिवारी या गोधड्या शिवतात त्या जीज बेंड गावी गेले होते. तिन्ही बाजूंनी अलाबामा नदी, वस्ती काळ्या लोकांची. इथली माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडे कॅम्डनला जाऊ लागली, तशी १९६२ साली फेरीबोटच बंद पाडली. ती सुरू झाली थेट २००६ साली! मी त्याच फेरीने गेले.

म्युझियममध्ये या गोधड्या भिंतीवर टांगतात, हात लावू देत नाहीत. इथे एका आजींनी घडी उलगडून सरळ माझ्या मांडीवर टाकली. शेतात घालायच्या जुन्या डेनिमची होती. गुडघ्याशी कापड विरून मलमलीसारखं झालेलं. खिसा उसवून काढला तिथे मात्र जाड, करकरीत, गडद निळं. डोळे मिटूनही खिशाची जागा सापडते. दुसरी कॉर्डरॉयची. १९७२ साली सिअर्स कंपनीने इथल्या बायकांना उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं, त्यातले उरलेले तुकडे घरोघरी गोधड्यांत गेले. एका तुकड्याच्या रेघा उभ्या, शेजारच्याच्या आडव्या. हात फिरवताना मजा येते. टाके तुला लांबच वाटतील. तुझा धावदोरा त्यांना दाखवायला हवा होता! आपण लुगड्यांचे थर लावतो, ते मधे कापूस घालतात, म्हणून दोन टाक्यांमधे फुगतं.

मिझुरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि मायेने पांघरता यावी म्हणून.

मावशी, काकांचे एसटीतले खाकी सदरे ट्रंकेत आहेत ना अजून? भांडीवालीला देऊ नकोस. टेरिकॉटमधून सुई जात नाही म्हणशील, तर थर कमी घाल. अंगाकडून तुझं एखादं सुती लुगडं लाव. खिशावर बिल्ल्याने पडलेली भोकं आहेत, ती रफू करू नकोस. जड झाली तर होऊ दे, बॅगेत २३ किलो चालतं. या खेपेला लोणच्याच्या बरण्या कमी आणेन.

तुझी,
बेबी