महापौरांचा इतिहास छापलात, आता सभागृहाचेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या महापौरांवरचा पानभर लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, तेव्हा राहवले नाही म्हणून लिहायला बसले. झगा, गळ्यातली साखळी, शिवाजी पार्कचा बंगला गेला आणि राणीच्या बागेतला आला, शहराचा पहिला नागरिक, हे सगळे लेखकाने मन लावून लिहिले आहे. वाचायला छान वाटले. पण त्यातली एक चूक आधी सांगते. फिरोजशहा मेहतांना लेखात महापौर म्हटले आहे. ते पालिकेचे अध्यक्ष होते, तेही एकापेक्षा जास्त वेळा. महापौर हे पद १९३१ साली आले आणि पहिले महापौर झाले ते जे. बी. बोमन-बेहराम. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मुलांच्या वहीत हे असे सोडले नसते, तर वर्तमानपत्रात कसे सोडू?

चूक दुरुस्त होईल. पण फिरोजशहांबद्दल जे सांगायला हवे होते तेच लेखात नाही, आणि आज आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना नेमके तेच हवे आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हाती गेला. आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले. माणूस कर्तबगार होता. मंडई बांधली, रस्ते केले, गटारे हाती घेतली. पण खर्चावर धरबंद राहिला नाही आणि कर भरणारे लोक चिडले. १८७१ साली मोठी ओरड झाली. त्या वादात तरुण फिरोजशहांनी जी भूमिका घेतली ती मला फार महत्त्वाची वाटते. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांचा पहारा बसवा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ साली चौसष्ट जणांचे सभागृह आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८ चा कायदा झाला. मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो. अधिकार आयुक्ताला आणि जाब विचारायला सभागृह, अशी ती जोडी आहे.

आता मला सांगा, या जोडीतला एकच बैल ठेवला तर औत कुठे जाईल?

मुंबईत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडलेल्या लोकांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक आले. आमच्या मराठवाड्याची गोष्ट त्याच्याही आधीची. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती. लातूर, परभणी, नांदेड २०२२ मध्ये त्याच वाटेने गेले. जालन्याची तर २०२३ साली महापालिका झाली ती प्रशासकासकटच. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाच्या तारखा, यात वर्षे गेली. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. या मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. खर्च आणि निविदा मंजूर करणाऱ्या स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेचे अधिकारही त्यांच्याकडे. प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. मुंबईचे २०२५-२६ चे ७४ हजार ४२७ कोटींचे अंदाजपत्रक असेच मंजूर झाले. एकाही नगरसेवकाने उभे राहून त्यातल्या एका रकमेबद्दल विचारले नाही, कारण विचारायला नगरसेवकच नव्हता. आपल्या पानभर लेखात या काळाला एक वाक्य मिळाले आहे, ‘दरम्यान काही काळ प्रशासक होते’. काही काळ! ज्यांनी तो काळ काढला त्यांना विचारा.

माझे सांगते. शहराचे नाव लिहीत नाही. कोणा एका अधिकाऱ्याला बदनाम करायचे नाही, आणि मराठवाड्यातल्या दुसऱ्या शहरातही वाचकांना हे आपलेच वाटेल. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत नळाला ड्रेनेजचे पाणी येऊ लागले. पिवळे, वासाचे. आधीच पाणी येणार आठवड्यातून एकदा, त्यात हे. शेजारच्या घरातल्या मुलीला कावीळ झाली, मग तिच्या भावाला झाली. आम्ही बायका बाटल्या भरून नगरसेवकाकडे गेलो. त्याच्याबद्दल आमचे मत काही फार चांगले नव्हते, पण मतदान जवळ आलेले आणि दारात बायका उभ्या, त्याला हलावेच लागले. सर्वसाधारण सभेच्या दिवशी आम्ही वरच्या गॅलरीत बसलो होतो. त्याने बाटली नेऊन महापौरांच्या टेबलावर ठेवली. महापौर आमच्या विरुद्ध पक्षाचे. तरी त्यांनी पुढचे विषय थांबवले आणि कार्यकारी अभियंत्यांना उभे केले. साहेब ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाले. महापौर म्हणाले, माहिती टेबलावर आहे, तारीख सांगा. साहेबांनी तारीख सांगितली. महापौरांनी ती इतिवृत्तात घ्यायला लावली. खाली पत्रकार बसले होते, त्यांनीही लिहून घेतली. त्या तारखेच्या आत लाइन बदलली गेली.

त्या महापौरांकडे कुठला मोठा अधिकार होता? कायद्याने पाहिले तर फारसा नव्हताच. सभेचे अध्यक्षपद, मते समान पडली तर निर्णायक मत, आणि सभा कशी चालेल हे ठरवणे. निविदा स्थायी समितीकडे, अंमलबजावणी आयुक्तांकडे आणि आयुक्त राज्य सरकारने नेमलेले. पण अधिकाऱ्याला लोकांसमोर उभे करून तारीख वदवून घेता येते, एवढे त्या खुर्चीत होते. तेवढ्याने आमच्या गल्लीतली मुले आजारी पडायची थांबली.

नंतर प्रशासकांच्या काळात रस्ता खोदताना पुन्हा लाइन फुटली आणि तेच पाणी पुन्हा आले. आता जायचे कुणाकडे? वॉर्ड ऑफिसात गेले तर ‘साहेब व्हीसीत आहेत’, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत. पुन्हा गेले तर साहेब पाहणीला गेलेले. तिथल्या पोराने चांगुलपणाने सांगितले की बाई, ॲपवर टाका. माझ्या भाच्याने फोटोसकट तक्रार टाकली. काही दिवसांनी उत्तर आले, ‘तक्रार निकाली काढली’. आमच्याकडे कुणी फिरकलेही नव्हते. सोबत जो फोटो जोडला होता तो दुसऱ्याच गल्लीतला होता. तो पाहून मी रडले, हे मी लाजत नाही सांगायला. सत्तरी ओलांडलेल्या बाईने कुणापुढे उभे राहावे? प्रशासक वाईट होते असे माझे म्हणणे नाही. कदाचित हुशारही असतील. पण त्यांना विचारणारे कुणी नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या लेखातल्या दोन नावांवर मी थांबले. स्वातंत्र्यसैनिक युसुफ मेहेरअली १९४२ साली तुरुंगात असताना मुंबईचे महापौर निवडले गेले. परक्या राजवटीतही मुंबईकरांना तुरुंगातला माणूस महापौर करता आला. त्याच वेळी आमचा मराठवाडा निजामाकडे होता आणि इथे निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. सभा घ्यायची तरी भीती. निजामाचा अंमल संपायला आम्हाला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. दुसरे नाव सुलोचना मोदी यांचे. त्या १९५६ साली मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात आलो. औरंगाबादला महापालिका व्हायला १९८२ उजाडले आणि तिची पहिली निवडणूक व्हायला १९८८. लातूर आणि परभणीच्या महापालिका तर २०११ च्या. म्हणजे मुंबईने दीडशे वर्षांत जे सभागृह कमावले ते आम्हाला परवा परवा मिळाले, आणि मिळाल्यावर लगेच काढून घेतले. माझ्या वडिलांनी निजामाचा अंमल पाहिला होता. निवडून दिलेला माणूस वाईट निघाला तर त्याला पाडता येते, हे ते आम्हाला मतदानाच्या दिवशी दरवेळी सांगायचे.

महापौराला खरे अधिकार द्यावेत असे मला वाटते. १९९८ साली मुंबई आणि नागपुरात ‘मेयर इन कौन्सिल’चा, म्हणजे कारभाराचे अधिकार महापौर आणि त्याच्या मंडळाकडे देण्याचा, प्रयोग केला होता, तो फार टिकू दिला नाही. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष लोक थेट निवडतात, म्हणजे उदगीर-परळीच्या मतदाराला जो हक्क आहे तो लातूर-नांदेडच्या मतदाराला नाही. का नाही, यावर आपल्या वर्तमानपत्राने एक लेख छापावा. अभ्यासक तुमच्याकडे आहेत. मला पाण्याचे कळते, कायद्याचे थोडेच.

आणि लिहायला बसलेच आहे तर दुसरी गोष्टही लिहिते. आपल्या अंकात शहराच्या पानावर पाणीवाटपाचे वेळापत्रक येत असे, कुठल्या भागात कुठल्या दिवशी नळ सुटणार त्याचे. ते बंद झाले आहे. त्या जागी आता क्लासेसच्या जाहिराती असतात. मुंबईच्या महापौरांच्या बंगल्याला अर्धे पान मिळते आणि आमच्या नळाला चार ओळी मिळत नाहीत, याचा मला राग आहे. जायकवाडीचे धरण उशाशी असलेल्या शहराला दिवसच्या दिवस पाण्याची वाट पाहावी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागात ते वेळापत्रक ही बातमी आहे. आमच्या घरात अंक आला की आधी तेच पाहिले जायचे. ज्यांच्याकडे मोबाईलवर काही पाहता येत नाही अशी म्हातारी माणसे अजून पुष्कळ आहेत आणि ती आपला अंक विकत घेतात.

आता नवे नगरसेवक आले, नवे महापौर आले. त्यांच्या सत्काराचे फोटो आपण रोज छापत आहात. माझी विनंती एवढीच की सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका सभेच्या आदल्या दिवशी छापा. कुठल्या नगरसेवकाने काय विचारले, अधिकाऱ्याने काय उत्तर दिले आणि कुठली तारीख दिली, हे दुसऱ्या दिवशी छापा. ती तारीख उलटून गेली की पुन्हा छापा. ऐनवेळचे विषय म्हणून शेवटी घाईने काय मंजूर झाले तेही छापा. आणि पाण्याचे वेळापत्रक येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू करा.

आपली,
एक जुनी वाचक, मराठवाडा
(नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे, छापू नये.)