‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमका कुठला बिघाड?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झाल्यापासून विमानांच्या बातम्या आपल्या गावखेड्यांतही बारकाईनं वाचल्या जातात. पण विमान माघारी फिरलं की बातमी ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांवर संपते आणि अपघात झाला की ‘ब्लॅक बॉक्समधून रहस्य उलगडणार’ असा मथळा येतो. विमान कसं वागलं हे ब्लॅक बॉक्स सांगतो. पण भाग किती झिजला होता, हे त्यात कुठून येणार? ते तुटलेल्या धातूवरूनच कळतं.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळलं. ८८ जण गेले, कुणीही वाचलं नाही. या विमानाच्या शेपटीत एक उभा पोलादी स्क्रू असतो आणि तो ब्राँझच्या नटमधून फिरतो. स्क्रू वर-खाली सरकला की शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलतो, विमानाचं नाक वर किंवा खाली जातं. स्क्रू समुद्राच्या तळातून काढला, तेव्हा नटच्या आट्या उपटून तारेच्या वेटोळ्यासारख्या त्याला गुंडाळलेल्या होत्या. उपटण्याआधीच त्यांची सुमारे ९० टक्के जाडी झिजून गेली होती. झिजेचा अपेक्षित वेग दर हजार उड्डाण-तासांना इंचाचा एक हजारांश भाग, म्हणजे या नटला वर्षानुवर्षं काहीच व्हायला नको होतं.

मग झीज झाली कशी? स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगी ग्रीस उरलंच नव्हतं. नटला थ्रेशरच्या बेअरिंगला असतं तसंच ग्रीस निपल असतं, त्याच्या आतल्या वाटेत जुनं ग्रीस वाळून बसलं होतं. निपलमधून दाबानं ग्रीस भरायचं, ते नटच्या वरून बाहेर आलेलं डोळ्यांनी पाहायचं, ब्रशनं सगळ्या आट्यांना लावायचं आणि मग स्क्रू पूर्ण वर-खाली फिरवायचा, अशी ही पद्धत. निर्मात्याच्या अंदाजानं हे चार तासांचं काम. शेवटचं ग्रीसिंग करणाऱ्या मेकॅनिकनं ते तासाभरात उरकल्याचं सांगितलं. त्यातच कंपनीनं दोन ग्रीसिंगमधलं अंतर वाढवत आठ महिन्यांवर नेलं होतं, उड्डाण-तासांची मर्यादाच ठेवली नव्हती. आणि त्याला सरकारी नियामकाची मंजुरी होती!

सप्टेंबर १९९७ च्या तपासणीत नटची ढील, म्हणजे झिजेमुळे स्क्रू नटमध्ये किती सैल हलतो ते माप, ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर भरली होती. तीच कमाल मर्यादा. नट बदलायचं ठरलंही. पुन्हा मोजलं तर ०.०३३ आलं आणि विमान त्याच नटसह उडालं. मोजणीसाठी स्क्रूला ताण देणारं जे साधन लागतं, ते कंपनीनं घरीच बनवलेलं आणि निर्मात्याच्या मापात न बसणारं होतं, हे नंतर चौकशीत निघालं. अपघातानंतर ग्रीसिंग दर ६५० तासांनी आणि ढिलीची मोजणी दर २००० तासांनी सक्तीची झाली.

ही चौकशी जवळजवळ तीन वर्षं चालली. अहवाल डिसेंबर २००२ मध्ये आला. पहिल्याच आठवड्यात दोष ठरवून टाकणाऱ्या बातम्यांवर म्हणूनच आमचा आक्षेप आहे. मृत वैमानिकाला उत्तर देता येत नाही. आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण ब्यूरोनं प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, पण त्यात सहसा कारण नसतं, फक्त हाती आलेली माहिती असते. कारण अंतिम अहवालात येतं. तोवर बातमी थंडावलेली असते आणि तो अहवाल छापायचा राहून जातो. तो आवर्जून छापा. बातमीदारांनी विमान कंपनीला विचारावं: भाग कुठला, शेवटची तपासणी कधी, त्या वेळचं माप किती आणि मर्यादा किती?

विदर्भातली अनेक मुलं आज विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमाकडे वळताहेत. निपलमधून गेलेलं ग्रीस नटच्या वर दिसेपर्यंत नोंदवहीत सही करायची नाही, हे त्यांना तुमच्या पानातूनही कळू द्या.

आपले,
विमान-देखभालीत काम केलेले काही वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा