शेतावरची खरेदी आणि हंगामाचे भान

महोदय,

खोऱ्यातील शेतांवर जाऊन थेट भाजीपाला आणि फळे विकत घेण्याविषयी बोलताना ताजेपणाचा उल्लेख हमखास होतो, परंतु ताजेपणा म्हणजे नेमके काय, हे फारसे सांगितले जात नाही. तोडणीनंतरही फळभाज्यांचे श्वसन चालूच राहते आणि तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. मटार आणि गोड मक्याच्या दाण्यांतील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होऊन गोडी झपाट्याने उतरते. त्यामुळे पहाटे तोडलेला माल त्याच दिवशी घरी नेण्यातच चवीचा खरा लाभ आहे. टोमॅटो तोडल्यावरही पिकतो. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे मात्र तोडल्यावर अधिक गोड होत नाहीत.

खोऱ्यात रात्री थंड, जड हवा उतारावरून तळाशी साचते, म्हणून एकच पीक तळाला आणि उतारावर वेगवेगळ्या वेळी तयार होऊ शकते. हंगाम दिनदर्शिकेत शोधण्यापेक्षा ‘आज काय तोडले?’ असे शेतकऱ्यालाच विचारावे.

स्थानिक माल नेहमीच पर्यावरणस्नेही असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. तापवलेल्या हरितगृहातील बिगरहंगामी पिकाला दुरून आलेल्या हंगामी मालापेक्षा अधिक ऊर्जा लागू शकते, आणि दोन किलो भाजीसाठी एकट्याने मोटार काढणे (हा दोष माझाही) हिशेबात धरावेच लागेल. शेतावरील फलकांवर दराशेजारी तोडणीचा दिवसही लिहिला जावा, एवढीच विनंती.

– एक वाचक