रॅक बदलायच्या आधी स्प्रिंगला हात लावून बघ

हॅमिल्टन, ओंटारियो

चि. बाळू यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

स्टिअरिंग फिरवताना गाडीतून येणाऱ्या आवाजाचा तू पाठवलेला व्हिडिओ नीट ऐकला. गॅरेजवाल्यांनी स्टिअरिंग रॅक बदलायला सांगितलाय म्हणालास. अजून कुठलाही पार्ट आणू नकोस. रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा दांडा, हा या सगळ्यातला सगळ्यात महागडा पार्ट. शिवाय तो झिजला असेल तर खडबडीत रस्त्यावर गाडी सरळ चालतानाही खडखड येते आणि ती हाताला स्टिअरिंगमध्ये लागते. आपल्या गाडीचं तसं नाही. ती अंगणात उभी असतानाही स्टिअरिंग फिरवलं की 'टक्' होतं, आणि कधीकधी त्यामागून 'टण्ण' असा तारेसारखा आवाज येतो. हा 'टण्ण' फार महत्त्वाचा आहे. मला संशय पुढच्या शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर आहे, म्हणजे त्यातल्या बेअरिंगवर.

स्टिअरिंग फिरवलं की चाकाबरोबर शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंगही फिरते. ती सहज फिरावी म्हणून वर बेअरिंग असतं. त्याचं सील गेलं की पावसाचं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस धुऊन जातं, गंज धरतो आणि बेअरिंग जाम होतं. मग खालून चाक वळतं, पण वरून स्प्रिंग अडून राहते. तिला पीळ बसत जातो आणि एका क्षणी ती झटक्यात सुटते. तोच तुझ्या व्हिडिओतला आवाज. पार्किंग करताना तो जास्त येतो, कारण तेव्हा स्टिअरिंग पुरतं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतं.

खात्री अशी कर. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावलेले. बाबांना स्टिअरिंगवर बसव. इंजिन चालू ठेव, नाहीतर पॉवर स्टिअरिंग जड लागेल. तू चाकाच्या वरच्या पोकळीतून हात घालून स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला तळवा टेकव. वेटोळ्यांच्या मधे बोट अजिबात घालायचं नाही. बाबांनी स्टिअरिंग अगदी हळू फिरवायचं. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग हाताखाली लोण्यासारखी सरकते. जाम असेल तर ती थांबते, ताणते आणि हाताला धक्का देऊन उडी मारते. दोन्ही बाजू तपास, कारण आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरतो आणि कानाला चुकीची बाजू सांगतो.

हात घातलाच आहेस तर टॉर्च मारून स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळंही बघ. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे स्प्रिंग त्या खालच्या वेटोळ्यापाशीच गंजून तुटतात. तुटकं टोक बैठकीत, म्हणजे स्प्रिंग जिथे टेकते त्या वाटीत, बसून राहतं, गाडी चालत राहते, आणि वळवताना टक् टक् येते.

सीव्ही जॉइंटचा, म्हणजे इंजिनाची ताकद वळत्या चाकापर्यंत नेणाऱ्या सांध्याचा, संशय सोपा आहे, पटकन फिटेल. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पहिल्या गियरमध्ये थोडा ॲक्सिलरेटर दे, मग उजवीकडे वळवून तेच कर. चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी 'कट् कट् कट्' आली तर बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या चाकाचा जॉइंट गेलेला असतो. गाडी उभी असताना तो असा वाजत नाही. त्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलाय का हे मात्र नक्की बघ. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतात. आवाज यायच्या आधी सापडलं तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं. माती आत जाऊन वाजायला लागल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

आणखी एक विचारायचं राहिलं. अलीकडे क्लचचं काम झालंय का? त्या कामात बऱ्याचदा खालची सस्पेन्शन फ्रेम उतरवतात. तिचा एखादा बोल्ट नीट आवळला गेला नसेल तर वळवताना एकच मोठा 'ठक्' येतो. तसं असेल तर आधी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, म्हणजे तिथे दिलेल्या आवळण्याच्या जोरावर, ते बोल्ट तपासून घे. पैसे लागत नाहीत.

स्प्रिंगने उडी मारली तर माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं बदलून घे. शॉकअप उघडलेलाच असतो, तेव्हा आतला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा तुकडा) आणि धूळ अडवणारं रबरही बघून घे. हे काम घरी करायचं नाही. स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा दाब कोंडलेला असतो. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावून, आलटून पालटून आवळून, स्प्रिंग बैठकीत सैल झाल्याशिवाय वरच्या मधल्या नटला पाना लावू देऊ नकोस. घाईत तो नट आधी काढल्याने माणसं जायबंदी झाली आहेत.

गॅरेजमध्ये शेजारी उभा राहून एवढं बघ: शॉकअप खाली ज्या दोन बोल्टने धरलेला असतो त्यांच्या जागेवर काढण्याआधी पांढऱ्या रंगाची खूण करावी. शॉकअप सुटल्यावर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधावं. बसवताना स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलेलं हवं. ते सरकलं तर नव्या माउंटिंगवरही आवाज तसाच राहील आणि पुन्हा रॅकवर खापर फुटेल. शेवटी वील अलाइनमेंट करायचंच.

एवढं करूनही राहिलं तर बॉडीच्या जॅक पॉइंटवर गाडी उचलून स्टँडवर ठेव. चाक वर-खाली धरून हलव. खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर वील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याशी (लोअर आर्मशी) जोडणारा सांधा. फक्त डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खेळ लागला तर बहुतेक टायरॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा. बॉल जॉइंटमध्ये खेळ निघाला तर मात्र गाडी तिथेच उभी कर, कारण तो सुटला की चाक आडवं पडतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो लोअर आर्मसकटच मिळतो. आर्मच्या बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे, बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायला सांग, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

स्प्रिंगची चाचणी या रविवारी कर आणि कुठल्या बाजूला धक्का लागला ते कळव. जॉइंटच्या रबरी बुटांचे फोटोही पाठव, आतल्या बाजूचेसुद्धा. तोपर्यंत बाबांना घाटात गाडी नेऊ देऊ नकोस. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई